वखारीत पिकवलेलं द्राक्षासव

गोव्याची हद्द आमच्या गावाला इतकी लागून होती, की आमची गुरं चरता चरता पोर्तुगिजांच्या राज्यात शिरत आणि संध्याकाळी तिकडचं गवत खाऊन परत येत. आमच्या घराण्याचा गोव्याशी संबंध एवढाच. खानदेशात रावेरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ही गोष्ट हौसेने कुणाला तरी सांगितली. हसून सोडून द्यावी म्हणून सांगितली होती, पण रावेरकरांनी ती नीट जपून ठेवली. तेव्हापासून वखारीत मी ‘गोवेकर’ झालो.

सातवी होताच मी शाळा सोडली होती. वडील नव्हते आणि भाताचे चार तुकडे होते ते थोरल्या भावालाच पुरत नव्हते. माझ्याजवळ काय, तर बरं अक्षर. त्या अक्षराच्या जोरावर, ओळखीच्या ओळखीने, इतक्या लांब सातपुड्याच्या पायथ्याशी एका केळीवाल्याकडे कामाला लागलो. मालकांना सगळे आबा म्हणत, म्हणून मीही आबा म्हणू लागलो. त्यांच्या केळीच्या बागा होत्या आणि स्टेशनच्या रस्त्याला वखार होती. कच्चे घड वॅगनींत भरून दिल्लीकडे जात. बारीक किंवा डागी म्हणून मागे राहिलेले घड वखारीतल्या एका बंद खोलीत धूर देऊन पिकवत आणि आसपासच्या बाजारात विकत. मी चिठ्ठ्या लिही, माल चढवून घेई आणि दिवसभर मनातल्या मनात भीत असे, की आज माझ्या हातून काहीतरी चुकणार आणि उद्या हे लोक मला परतीची वाट दाखवणार.

ते तसं करणाऱ्यांतले नव्हते, हे कळायला मला फार वेळ लागला. खरं तर अक्कांमुळे ते पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

अक्का म्हणजे आबांच्या पत्नी. पहिल्या दिवशी त्यांनी पुढ्यात कळण्याची भाकरी वाढली. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची ती जाड भाकरी माझ्या घशाखाली उतरेना. मी घासाघासाला पाणी पिऊ लागलो. अक्का पाहत होत्या.

“काऊन रे, तुह्यी माय तुले काय खाऊ घालते?”

“भात,” मी म्हणालो.

“रोज?”

“रोज.”

“दोन्ही टाइम?”

“हो.”

“अरे बाप्पा! मंग तू आजारी हेस का?”

त्यांच्या घरी भात आजाऱ्याला देत. धडधाकट माणूस दोन्ही वेळा भात खातो आणि वर तो उभा राहू शकतो, हे त्यांना पटेना. तरी दुसऱ्या दिवसापासून चुलीवर माझ्यापुरतं एक छोटं पातेलं चढू लागलं. कुणी विचारलं तर अक्का सांगत, “घरात एक कायमचा आजारी आलाय. वैद्य म्हन्ते, बरा व्हायचा नही.” आणि स्वतःच इतक्या हसत, की पदर तोंडाला लावावा लागे.

त्या अक्का खऱ्याच आजारी पडल्या. पावसाळा सरता सरता त्यांना विषमज्वर झाला. ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. दिवाळी आली तरी त्यांना अन्न नको होतं. दूध, साखर घातलेली पेज, मोसंबीचा रस, सगळं तोंडाजवळ नेलं की मान फिरवत. मनगटं इतकी बारीक झाली, की पाटल्या काढून ठेवाव्या लागल्या. आबांनी त्यांना जळगावला डॉक्टरकडे नेलं. चिठ्ठ्या-कागद सांभाळायला मीही बरोबर होतो. डॉक्टर म्हणाले, “औषधाचं काम संपलं. आता पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर हे शरीर टिकायचं नाही. जेवणाआधी चमचाभर चांगली पोर्ट वाइन द्या. भूक लागेल.”

“ते काय अस्तं?” आबांनी विचारलं.

“द्राक्षांची असते. दारूच, पण औषध म्हणून. मी लिहून देतो, त्यावर परवाना काढा.”

दारूबंदीचे दिवस होते. आबा कागद न घेताच उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, “परवाना म्हंजे सरकारदरबारी दारू पिनाऱ्यांत माहं नाव. आन् अक्का माळकरी. तिले दारूचं नाव सांगितलं तं आहे ते दूधबी सोडून देईन.” तरी ते एका औषधाच्या दुकानात शिरले आणि बाटलीची किंमत तेवढी विचारून आले. येताना रस्त्यात थांबून त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि टोपी पुन्हा घातली. किंमत काय ते मला कधीच सांगितलं नाही.

आबा कंजूष होते असं गाव म्हणे. मी तसं म्हणणार नाही, मी त्यांच्या घरचं खाल्लं आहे. पण वखारीतली सुतळी सोडवून, गुंडाळून पुन्हा वापरण्यात त्यांना जो आनंद होई तो मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. गाडीत बसल्यावर ते एकदम माझ्याकडे वळले.

“गोवेकर, द्राक्षाचीच पाह्यजे ना? मंग वैद्याकडं द्राक्षासव भेटतं ते काय वेगळं अस्तं? त्याले ना परवाना, ना काही. तुले यातलं समजतं. सस्तातलं आनजो, पन चांगलं आनजो.”

“आबा, मला यातलं काही समजत नाही. मी आयुष्यात थेंब चाखलेला नाही.”

“तू गोव्याकडचा.”

“हो, पण आमच्याकडे फक्त गुरं...”

“पाह्य, कसा लाजून राह्यला,” आबा समोरच्या प्रवाशाला म्हणाले. तोही कौतुकाने हसला. त्यापुढे मी जितकं नाही म्हणालो तितका माझा जाणतेपणा वाढत गेला.

मला झोप लागेना. अक्का बऱ्या व्हायला हव्या होत्या आणि ते काम ज्याला काही कळत नाही अशा माझ्यावर आलं होतं. कळत नाही तर निदान पायपीट तरी करू, असं ठरवून मी निघालो. जळगावात पहिल्या वैद्यांनी बाटली दिली ती पाकासारखी. चमचा उलटा धरला तरी खाली पडेना. दुसऱ्यांच्या द्राक्षासवाला लवंगेचा असा वास, की द्राक्षं आत पडून मेली असावीत. कुणीतरी म्हणालं, खरं द्राक्षासव धुळ्याला मिळतं. म्हणून ताप्तीकाठाने सुरतेकडे जाणाऱ्या गाडीने नरडाण्याला उतरलो आणि तिथून मोटारीने धुळं गाठलं.

धुळ्याच्या वैद्यांच्या ओसरीवर माझ्याशेजारी शिंदखेड्याकडची एक म्हातारी बसली होती. मांडीवर रिकामी बाटली होती, ती नव्याने भरून न्यायची असावी. मी भीत भीत विचारलं, “आजी, इथलं द्राक्षासव चांगलं आहे का हो?”

“चांगलं शे ना भाऊ! मी रोज चमचाभर लेस.”

“भूक लागते?”

“माले लागस. पन माले नई समजस, माले चमचा पुरस आनि म्हताऱ्याले बठ्ठी बाटली का बरं लागस?” तिने रिकामी बाटली माझ्यापुढे धरली. “मी दपाडी ठेवस, तो शोधी काढस. त्याले भूक नई लागस, गानं म्हनानी इच्छा व्हस.”

ओसरीवरचे सगळे हसले. आतून वैद्यांनी खाकरून दाखवलं. माझी मात्र खात्री पटली, की माल चांगला आहे. मी दोन बाटल्या घेतल्या. त्या जळगावच्या बाटल्यांपेक्षा स्वस्तही पडल्या. परत येताना गाडीत त्या पिशवीत घालून मांडीवर धरल्या होत्या, आणि खाकी कपड्यांतलं कुणी दिसलं की मी पिशवीवर टोपी ठेवत होतो. ते औषध आहे हे मला माहीत होतं. पण माझ्या चेहऱ्याला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर आबांनी सगळ्या बाटल्या ओट्यावर ओळीने मांडल्या. अक्कांना देण्याआधी पारख व्हायला हवी, म्हणून शेजारचे नाना आले. नाना कापसाचे शेतकरी, सरकी चावून कापसाचा उतारा, म्हणजे रुई किती निघेल ते, सांगणारे. त्यांनी पहिल्या बाटलीतलं वाटीत घेतलं, जिभेवर फिरवलं, डोळे मिटले. दुसरीतलं घेतलं. मग म्हणाले, “पहिलं इसरलो.” पुन्हा पहिलं घेतलं. तिसऱ्यानंतर दुसरं विसरले. आबांनाही त्यांच्या मताची खात्री करून घ्यावी लागली. मला विचारलं, “गोवेकर, तू सांग.” मी प्रत्येकातलं बोटाने चाखलं आणि म्हणालो, “सगळी गोड आहेत.” दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू मी फार खोल बोललो होतो. दिवे लागेपर्यंत पारख चालली. शेवटी धुळ्याची बाटली सर्वांत चांगली, यावर एकमत झालं, कारण ती सर्वांत आधी संपली होती.

धुळ्याच्या उरलेल्या दुसऱ्या बाटलीतलं चमचाभर मी अक्कांकडे नेलं. त्यांनी माळेला हात लावून वास घेतला.

“हे देवाले चालीन का?”

“औषध आहे अक्का. वैद्याकडचं.”

त्यांनी घेतलं. तोंडात धरून बसल्या आणि मग कसंबसं गिळलं. “गोडच हे,” त्या म्हणाल्या. “दूध गोड, पेज गोड, हेबी गोड. माह्या तोंडात महिन्यापासून गुळाची भेली ठेवेल हे, असं वाटतं. नको रे बाप्पा.” एवढं बोलून त्या दमल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

दुसऱ्या दिवशी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मी आर्जव केलं तर म्हणाल्या, “माह्यासाठी तू किती हिंडला! नानाले दे. तो बिचारा खंगला असीन.” थट्टा होती, पण आवाज उरला नव्हता. मी बाहेर येऊन नळाशी तोंड धुण्याचं निमित्त केलं.

आबांनी मात्र वेगळाच निष्कर्ष काढला होता. दोष गोडीचा नव्हता, विकतच्या मालाचा होता. “आपन घरीच करू. ताजं, चांगलं. खर्च काय? गूळ घरचा.” मनुका त्यांनी बाजारातल्या तळच्या, देठांसकट, निम्म्या भावात मिळवल्या. आंबवायला धायटीची फुलं लागतात, ती सातपुड्यातल्या बाया बाजाराला घेऊन येत. कृती नानांनी वैद्याकडून तोंडपाठ करून आणली. मनुकांचा काढा, गूळ, फुलं, सगळं मातीच्या माठात घालायचं, तोंडावर झाकण ठेवून कापडमातीने पक्कं बंद करायचं, आणि माठ धान्याच्या राशीत पुरून महिनाभर हलवायचा नाही.

“धान्यात?” आबा म्हणाले. “म्हंजे महिनाभर ज्वारी काढाची नही? खायाचं काय?”

“वैद्य म्हन्ते, ऊब पाह्यजे.”

“ऊबच पाह्यजे ना? मंग आपली पिकवाची खोली काह्यले हे?”

नानांना ते लगेच पटलं. त्या दोघांचं सगळं आयुष्य पिकवण्यात गेलं होतं. हिरवंगार, दगडासारखं केळं त्या खोलीत धुरात ठेवलं की चार दिवसांत सोन्यासारखं होऊन बाहेर येतं, मग द्राक्षं कोणत्या मोठ्या घरची? उलट महिन्याचं काम आठवड्यात होईल. मला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं, आणि मी आधीच ‘यातला जाणता’ असल्यामुळे गप्प बसणं बरं वाटलं. माठ खोलीच्या कोपऱ्यात, घडांच्या मागे बसवला. गोवऱ्यांचा धूर दिला. दार लिंपून घेतलं.

काही दिवसांनी भरदुपारी आम्ही बाहेर वॅगनीचा माल बांधत होतो. आतून बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज आला. मजूर पळाले. मी आबांच्या मागे लपलो आणि आबा माझ्या मागे. दार उघडलं तर धुरात सगळीकडे आंबूस घमघमाट. माठ शाबूत होता, पण झाकण उडून वरच्या घडात रुतलं होतं आणि भिंतीवर मनुका चिकटल्या होत्या.

आबांनी वाकून माठात पाहिलं. “पिकलं वाटतं,” ते म्हणाले.

“अजून थोडं राहू द्या,” नाना म्हणाले. “घाईत उतरवलं तं आतून कच्चं राह्यतं.”

माठाच्या तोंडाला फडकं बांधून तो तसाच ठेवला. पुढे वॅगनी भराभर मिळू लागल्या, कामाची घाई झाली, आणि माठ त्या उबेत, त्या फडक्याखाली, विसरल्यासारखा पडून राहिला. अक्का मात्र विसरण्यासारख्या नव्हत्या. आबा दर तासाला वखारीतून घरी चक्कर मारत. थंडी पडली. बागेतल्या वांग्यांच्या भरताच्या पंगती गावात सुरू झाल्या. आबांना चार ठिकाणची बोलावणी आली, ते कुठेच गेले नाहीत. “मी तथी भरीत खाऊ, आन् इथी हिच्या पोटात कन नही,” असं म्हणाले आणि मग उगाचच मला एका घडावरून ओरडले. तो घड माझा नव्हता, पण मी ऐकून घेतलं.

एक दिवस पोलीस जमादार आले. नेहमीप्रमाणे फणीभर पिकली केळी न्यायला आले होते. खोलीच्या दाराशी त्यांचं नाक थबकलं.

“आबा, आत काय आहे?”

जेलमध्ये भात देतात का, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. आबा शांतपणे म्हणाले, “बायकोचं औषद हे. द्राक्षासव. पाह्यजे तं चाखा.”

जमादारांनी माठातलं पळीभर घेतलं, आधी सावध चाखलं, मग धीर करून सगळं तोंडात टाकलं. त्यांचे दोन्ही डोळे मिटले, मिशी वर गेली, आणि सगळं केळीच्या पाल्यावर थुंकून त्यांनी बाहीने मिशी पुसली.

“आबा,” शेवटी म्हणाले, “दारू अशी लागायला लागली तर सरकारला बंदी करायची गरजच नाही.” आणि दोन फण्या घेऊन गेले.

आबांनी चाखलं. नानांनी चाखलं. ते पार आंबून गेलं होतं, चिंचेपेक्षा जास्त. गोडीचा मागमूस नाही. आबा पोत्यावर बसले. इतके दिवस कुठल्याही गोष्टीवर त्यांच्याजवळ काहीतरी उपाय असायचा. आता ते म्हणाले, “झालं. आता काही उरलं नही.” ते माठाबद्दल बोलत नव्हते.

मला वाटलं, अक्कांना निदान सांगावं, की तुमच्यासाठी केलेलं बिघडलं. मी वाटीत थोडं घेऊन गेलो. त्यांना हकीकत सांगितली, झाकण कसं उडालं, जमादारांची मिशी कशी वर गेली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. तोंडाचा कोपरा किंचित हलला.

“दाखव,” म्हणाल्या.

मी वाटी पुढे केली. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. सगळं अंग शहारलं. मला वाटलं, आता उलटी होणार. त्यांनी पुन्हा बोट बुडवलं. मग वाटीच हातात घेतली आणि एक बारीक घोट घेतला.

“इतक्या दिवसांत पह्यल्यांदा तोंडाले चव आली,” त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, “चुलीवर काय हे?”

चुलीवर आबांच्यासाठी भाकऱ्या चालू होत्या आणि निखाऱ्यावर वांगं भाजत होतं. त्यांच्या सुनेने वांगं कुस्करून त्यात हिरवी मिरची ठेचून घातली. अक्कांनी वाटीतलं ते आंबट त्यावर ओतलं, स्वतःच्या हाताने. भाकरीचा एक तुकडा मोडला, त्यात भिजवला आणि तोंडात घातला. मी श्वास धरून बसलो होतो. दुसरा तुकडा. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीचं होतं. तिसऱ्या तुकड्यानंतर त्या म्हणाल्या, “असा काय पाह्यतो? घास मोजतो काय माह्ये?”

आबा कधी दारात येऊन उभे राहिले ते कळलं नाही. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाव भाकरी संपवून हात धुतला. आबा मागे वळले आणि वखारीत जाऊन सगळ्या मजुरांना कारण नसताना खूप मोठ्याने रागावले. मजूरही समजले. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी गेली. मग रोज थोडी थोडी. संक्रांतीला अक्का भिंत धरून ओट्यापर्यंत आल्या. जळगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि फार खूश झाले. “पाहिलंत? चांगल्या पोर्ट वाइनचा हा गुण. कुठली घेतलीत?” आबा नुसते “हो, हो” म्हणाले. अक्कांनी पदर तोंडाला लावला. बाहेर आल्यावर आबा त्या औषधाच्या दुकानासमोर मुद्दाम थांबले, काचेतून त्या बाटलीकडे पाहिलं, आणि चोरट्या सौद्यात मोठा नफा झाल्यासारखे खुलले.

माठ संपत आला तेव्हा अक्कांनी हुकूम सोडला, की दुसरा लावा. आबा आणि नाना आता अनुभवी झाले होते. त्यांनी झाकणाला बारीक भोक ठेवलं, धूर कमी दिला, रोज दार उघडून माठाकडे कान लावून उभं राहायचं असा नेम केला. महिन्याने माठ उघडला. आत स्वच्छ, लालसर, मऊ चवीचं द्राक्षासव. इतकं चांगलं, की धुळ्याच्या वैद्यांनी शिष्य व्हावं. आबा वाटी घेऊन अभिमानाने अक्कांकडे गेले. त्या जात्यापाशी बसून सुनेला काहीतरी सुनावत होत्या. त्यांनी चाखलं आणि वाटी खाली ठेवली.

“हे गोड हे.”

“चांगलं झालं ना!”

“तेच तं. बिघडवा की थोडं. एवढं साधं तुमाले जमत नही?”